आधी चारचं भिंग, चाळीसचं नंतर: हिस्टॉलॉजी शिकायला येणाऱ्यांसाठी

नवीन बॅच हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ऊती बघायच्या विषयाच्या, पहिल्या प्रॅक्टिकलला बसली की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. स्लाइड स्टेजवर ठेवतात आणि लगेच चाळीसचं, म्हणजे चाळीस पट मोठं दाखवणारं, भिंग फिरवतात. पेशी बघायची घाई असते आणि ती मला समजते. बारावीपर्यंत पेशी पुस्तकातच पाहिलेली असते. आता खरी, माणसाची, आपल्या डोळ्यांनी दिसणार असते. पण चाळीसखाली त्यांना दिसतात गुलाबी पट्टे आणि जांभळे ठिपके. आपण कुठल्या अवयवात आहोत, त्याच्या आत आहोत की काठावर, काही कळत नाही. मग शेजारच्याची वही बघायची, ॲटलास उघडायचा, आणि चित्र तिथून उतरवायचं. एकदा ही सवय लागली की ती वर्षभर सुटत नाही.

मी सोलापुरात बरीच वर्षं हिस्टॉलॉजीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करते. ऊतीचा ब्लॉक बनवणं, सेक्शन कापणं, रंगवणं ही माझी कामं, आणि प्रॅक्टिकलच्या वेळी मुलांच्या शेजारी बसून त्यांना स्लाइड लावून देणं हेही. इथे १९६३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कुंभारीला अश्विनी वैद्यकीय महाविद्यालय आहे, शिवाय डीएमएलटी, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा डिप्लोमा, करणारी मुलं-मुली असतात. बार्शी, करमाळा, सांगोला, अक्कलकोट, मंगळवेढा अशा सगळीकडून येतात. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड. हे सगळं त्यांच्यासाठी लिहितेय. मी डॉक्टर नाही, निदान कसं करायचं हे मी सांगणार नाही. स्लाइड बघायची कशी, एवढंच सांगणार आहे, कारण ते नीट कुणी सांगत नाही आणि त्यावरच पुढचं सगळं उभं असतं.

तर पहिली गोष्ट. चारच्या भिंगाला वेळ द्या. मनापासून सांगते, निम्मा तास दिलात तरी वाया जाणार नाही. आयपीसवर, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगावर, १८ असा आकडा असेल, तर चारच्या भिंगाखाली साडेचार मिलिमीटर रुंदीचं वर्तुळ दिसतं. चाळीसखाली तेच ०.४५ मिलिमीटर होतं. म्हणजे रुंदी दहापट कमी आणि क्षेत्रफळ शंभरपट कमी. चाळीसखाली बसलेल्या मुलाला स्लाइडचा इतका लहान तुकडा दिसत असतो की त्यावरून अवयव ओळखणं हा अंदाजाचा खेळ होतो. अवयवाची ओळख त्याच्या रचनेत असते: पोकळी आहे का, तिच्या भोवती किती थर आहेत, बाहेर कॅप्सूल (आवरण) आहे का, आत लोब्यूल (छोटे कप्पे) पडलेत का, काठ आणि मध्य सारखे आहेत की वेगळे. हे सगळं चारखाली आणि दहाखाली दिसतं. चाळीसचं काम त्यानंतरचं: चारखाली जो तर्क बांधला, तो बरोबर आहे का हे तपासणं.

त्याच्याही आधी एक पायरी आहे, ती तर जवळपास कुणीच करत नाही. स्लाइड हातात घ्या आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून नुसत्या डोळ्यांनी बघा. श्वासनलिकेच्या स्लाइडवर इंग्रजी सी अक्षरासारखी कूर्चेची कड नुसत्या डोळ्यांना दिसते. लिम्फ नोडचा घेवड्याच्या बीसारखा आकार दिसतो. सेरिबेलमच्या घड्या तर इतक्या स्पष्ट दिसतात की सूक्ष्मदर्शक लावायच्या आधीच नाव सांगता येतं.

आता यंत्राकडे वळू. साधा प्रकाश-सूक्ष्मदर्शक म्हणजे आपल्या टेबलावरचा: दहाचं आयपीस आणि खाली ४, १०, ४०, १०० पटीची ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे स्लाइडकडची भिंगं. चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हवर बारीक अक्षरात ४०/०.६५ आणि खाली १६०/०.१७ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते वाचायची सवय लावा. ०.६५ हा आकडा भिंग किती बारकावा वेगळा करू शकतं ते सांगतो. ०.१७ म्हणजे कव्हरस्लिपची, ऊतीवर झाकलेल्या पातळ काचेची, जाडी, मिलिमीटरमध्ये. त्या जाडीची काच धरूनच ते भिंग बनवलेलं असतं. नुसतं मोठं करत गेलं म्हणून जास्त दिसत नाही. एर्न्स्ट आबे या जर्मन शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये मांडलं की प्रकाशाच्या तरंगलांबीमुळे या बारकाव्याला मर्यादा आहे. साध्या प्रकाशात ती साधारण ०.२ मायक्रॉनपाशी येते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याहून जवळचे दोन ठिपके एकच दिसणार, मग तुम्ही कितीही पट मोठं करा.

नव्या मुलांचं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते स्टेजखालच्या कंडेन्सरकडे, म्हणजे उजेड स्लाइडवर गोळा करणाऱ्या भिंगाकडे. उजेड डोळ्यांना जास्त वाटला की मुलं त्याची उघडझाप होणारी झडप, आयरिस डायफ्रॅम, बंद करतात. उजेड कमी होतो खरा, पण त्याबरोबर बारकावाही जातो, पेशींच्या कडा जाड काळ्या दिसायला लागतात आणि आयपीसमधली धूळसुद्धा ऊतीचा भाग वाटते. उजेड कमी करायला दिव्याचं बटण आहे, ते फिरवा. डायफ्रॅम ज्या भिंगाचं त्या भिंगाला जुळवायचा असतो: आयपीस काढून नळीतून आत पाहिलं तर दिसणाऱ्या उजेडाच्या वर्तुळाचा साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भाग उघडा राहील इतका. कंडेन्सर वर, जवळपास स्टेजला टेकलेला. न रंगवलेल्या स्लाइडसाठी मात्र, उदाहरणार्थ घासून पातळ केलेल्या हाडाच्या सेक्शनसाठी, डायफ्रॅम थोडा जास्त बंद करावाच लागतो, नाहीतर काही उठून दिसत नाही.

फोकस नेहमी चारवर सुरू करा. कोर्स, म्हणजे भरभर वर-खाली करणारा, स्क्रू फक्त चार आणि दहावर फिरवायचा. चाळीसवर गेलात की हात फाइन, म्हणजे बारीक फिरणाऱ्या, स्क्रूवरच पाहिजे. चाळीसचं भिंग आणि कव्हरस्लिप यांच्यात जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जागा असते. आणि एक खूण लक्षात ठेवा, प्रॅक्टिकलमध्ये फार उपयोगी पडते: चारवर स्पष्ट दिसतंय, दहावर स्पष्ट दिसतंय आणि चाळीसवर काही केल्या फोकस होत नाहीये, तर स्लाइड उलटी ठेवलीय. कव्हरस्लिप खाली गेलीय आणि स्लाइडची एक मिलिमीटरहून जाड काच मध्ये आलीय. स्क्रू पिळत बसू नका, स्लाइड काढून पालथी करा.

चाळीसवर नीट फोकस झालं तरी धुरकट दिसत असेल, तर भिंगाला तेल लागलेलं असतं. आधीच्या बॅचने रक्ताची फिल्म बघायला शंभरचं भिंग आणि तेल वापरलं आणि तसंच चाळीस फिरवलं, की हे होतं. लेन्स पेपर, त्यावर अगदी थोडं झायलीन, आणि हलक्या हाताने. ओढणी, रुमाल, ॲप्रनचं टोक अजिबात नाही. सोलापूरची धूळ म्हणजे बारीक वाळूच, कापडात ती असतेच आणि भिंगावर ओरखडे पडतात. आपल्याकडे हवा कोरडी असल्यामुळे भिंगांना कोकणासारखी बुरशी धरत नाही हे आपलं नशीब. धुळीपासून मात्र रोजच जपावं लागतं, काम झालं की कव्हर घातलंच पाहिजे. चष्मा असेल आणि फक्त लांबचा नंबर असेल, तर चष्मा काढून फोकस करता येतं. सिलिंडरचा नंबर असेल तर चष्मा ठेवा. आणि दोन्ही डोळे उघडे ठेवूनच बघा, एक डोळा मिटून तासभर बसलात की डोकं दुखणारच.

आता स्लाइडवर जे दिसतं ते काय असतं, त्याबद्दल. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे.

तुम्ही बघता तो माणसाच्या ऊतीचा साधारण पाच मायक्रॉन जाडीचा काप असतो. ऊती आधी फॉर्मलिनमध्ये स्थिर केली, मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून तिच्यातलं पाणी काढलं, झायलीनने अल्कोहोल काढलं, वितळलेल्या पॅराफिन मेणात भिजवली, ब्लॉक केला, मायक्रोटोमवर (पातळ काप काढायच्या यंत्रावर) कापला, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घेतला, मेण काढलं आणि रंगवला. यातल्या प्रत्येक पायरीची खूण स्लाइडवर राहते. चरबीच्या पेशी रिकाम्या दिसतात, कारण अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी विरघळून गेली. उरली ती कडेची पातळ रेघ आणि एका बाजूला ढकललेलं केंद्रक. गॉब्लेट पेशी फिकट दिसतात, कारण त्यांच्यातला श्लेष्म एच अँड ई मध्ये, म्हणजे हिमॅटॉक्सिलीन आणि इओसिन या नेहमीच्या दोन रंगांत, नीट रंग घेत नाही. ग्रंथीभोवती दिसणारी पांढरी फट बऱ्याचदा ऊती आकसल्यामुळे पडलेली असते, जिवंत शरीरात ती नसते. समांतर रेघा दिसल्या तर पात्याला खाच होती. दुमडलेला पट्टा गडद दिसला तर सेक्शन पाण्यावर नीट उलगडला नव्हता. हे ओळखता आलं की मुलं वहीत सुरकुतीचं चित्र काढून तिला पडदा असं नाव देत नाहीत.

पाच मायक्रॉनच्या जाडीचा दुसरा परिणाम असा, की एका पेशीचे अनेक काप होतात. ज्या कापात केंद्रक आलं नाही, त्या पेशीत केंद्रक दिसणार नाही. म्हणून "या पेशीला केंद्रकच नाही" असं एका पेशीवरून ठरवू नका, आजूबाजूच्या बघा. कापाची दिशाही अशीच फसवते. शेवग्याची शेंग आडवी कापली तर गोल चकती मिळते, तिरकी कापली तर लांबट, उभी चिरली तर दोन समांतर कडा आणि मधे गर. शरीरातली प्रत्येक नळी, मग ती रक्तवाहिनी असो, मूत्रपिंडातली नलिका असो की घामग्रंथीची नळी, याच तीन रूपांत तुमच्यासमोर येते. एकाच स्लाइडवर गोल, लांबट आणि पट्ट्यासारखे आकार शेजारी-शेजारी दिसले, तर त्या तीन वेगळ्या रचना समजायच्या आधी, एकच वळणदार नळी वेगवेगळ्या जागी कापली गेलीय का, हे बघा. घामग्रंथी तर अशीच ओळखतात.

रंगाबद्दल सोलापूरच्या मुलांना सांगताना मला विशेष आनंद होतो. हिमॅटॉक्सिलीन हा रंग मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून येतो. प्रयोगशाळेत यायच्या कितीतरी आधी तो कापड रंगवायला वापरत होते. नुसता तो धाग्याला नीट धरत नाही, ऊतीलाही धरत नाही. मधे धातूचं क्षार लागतं आणि आपल्या प्रयोगशाळेत ते काम तुरटीचं. तुरटीसह हिमॅटॉक्सिलीनची कृती बोमर या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये दिली आणि तीच पद्धत सुधारत आजपर्यंत आली. रंग पक्का बसायला तुरटी लागते हे शहराच्या पूर्व भागातल्या रंगाईचं काम करणाऱ्या घरातल्या मुलांना मी सांगायची गरज पडत नाही, त्यांच्या आजीला ते माहीत असतं. ल्युएनहूक, ज्याने सतराव्या शतकात एका भिंगाच्या सूक्ष्मदर्शकातून जिवाणू पाहिले, तोही डेल्फ्टचा कापडाचा व्यापारी. चादरीच्या गावातून आलेल्या मुलांना या विषयात परकं वाटायचं काही कारण नाही.

तुरटीशी जोडलेला हा रंग ॲल्युमिनियममुळे धनभारित होतो आणि ऋणभारित डीएनए-आरएनएला चिकटतो. म्हणून केंद्रक निळं-जांभळं. इओसिन ऋणभारित, ते प्रथिनांना धरतं. म्हणून सायटोप्लाझम, स्नायू, कोलॅजन, रक्तपेशी गुलाबी. हे समजलं की रंग पाठ करावे लागत नाहीत. स्वादुपिंडाच्या ॲसिनसमधल्या, म्हणजे स्राव करणाऱ्या गोल पुंजक्यांतल्या, पेशींचा बुंधा जांभळा आणि टोक गुलाबी का? बुंध्यात आरएनए भरपूर, कारण तिथे प्रथिनं बनतात. टोकाला बनलेल्या एन्झाइमचे कण साठतात, ते गुलाबी. एकदा स्वतः चाळीसखाली हे पाहिलं की परत विसरत नाही.

आता ज्या जोड्यांवर दर वर्षी गोंधळ होतो त्या. थायरॉइड आणि दूध येणाऱ्या अवस्थेतलं स्तन. दोन्हीत गोल-गोल पोकळ्या आणि आत गुलाबी स्राव. चाळीसखाली एखाद्या पोकळीकडे बघून वाद घालत बसाल. चारवर या. स्तनात लोब्यूल दिसतील, त्यांच्यामधे संयोजी ऊतीच्या भिंती आणि त्या भिंतींत नळ्या. थायरॉइडच्या फॉलिकलना नळी नसतेच, ती निर्नलिका ग्रंथी आहे. नळी शोधायची, सापडली की प्रश्न मिटला.

पॅरोटिड, म्हणजे कानाजवळची लाळग्रंथी, आणि स्वादुपिंड हीही तशीच जोडी. दोन्हीत गडद सीरस (पातळ स्राव देणारे) ॲसिनस भरलेले. स्वादुपिंडात मधेच फिकट पेशींची बेटं दिसतात, लँगरहान्सची. ती दहावर सापडतात, चाळीसवर हमखास हुकतात. पॅरोटिडमध्ये गुलाबी रेघाळ नळ्या आणि बऱ्याचदा चरबीच्या पेशी विखुरलेल्या असतात. बेट दिसलं नाही म्हणून लगेच पॅरोटिड लिहू नका, पूर्ण स्लाइड फिरवा, कारण बेटं सगळीकडे सारखी नसतात.

युरेटर (मूत्रवाहिनी) आणि व्हास डिफरन्स (शुक्रवाहिनी), दोन्ही जाड भिंतीच्या बारीक नळ्या. व्हासचा स्नायू त्याच्या पोकळीच्या मानाने फारच जाड असतो, ते चारवरच डोळ्यांत भरतं. युरेटरची पोकळी चांदणीसारखी आणि आत ट्रान्झिशनल एपिथेलियम (एपिथेलियम म्हणजे अस्तर), वरच्या थरातल्या पेशी फुगीर. धमनी आणि शीर यांच्यात पोकळीचा आकार बघा: धमनी गोल राहते आणि तिचा मधला थर सगळ्यात जाड, शीर चपटी झालेली, भिंत पातळ. शेजारी-शेजारी दोन्ही असलेली स्लाइड मिळाली तर ती आधी बघा, तुलनेने लवकर कळतं. लिम्फ नोड, प्लीहा, थायमस आणि टॉन्सिल या चौघांत सगळीकडे लिम्फोसाइटच, त्यामुळे पेशी बघून काही उपयोग नाही. कॅप्सूलखाली सायनस, म्हणजे मोकळी जागा, असेल तर नोड. विखुरलेल्या जांभळ्या बेटांत लहान धमनी दिसली तर प्लीहा. मध्यभागी गुलाबी, कांद्यासारखे थर असलेले हॅसलचे गोळे असतील तर थायमस. कडेला स्तरित स्क्वॅमस एपिथेलियम (चपट्या पेशींचे अनेक थर) आत खोल गेलेलं असेल तर टॉन्सिल.

यकृताबद्दल वेगळं सांगायला हवं. पुस्तकात षटकोनी लोब्यूल असतात आणि मुलं आमच्या स्लाइडवर षटकोन शोधत बसतात. तसे रेखीव षटकोन डुकराच्या यकृतात दिसतात, कारण तिथे लोब्यूलभोवती संयोजी ऊतीची भिंत असते. माणसात ती इतकी कमी असते की सीमा दिसतच नाही. मधली शीर शोधा, तिच्याकडे येणाऱ्या पेशींच्या ओळी बघा, मग लांबवर पोर्टल ट्रायड शोधा: शीर, धमनी आणि पित्तनलिका एकत्र. तेवढ्या खुणांवरून सीमा मनात आखायची. वहीत मात्र षटकोन काढू नका, दिसलाच नाही तर काढायचा कसा?

माप घ्यायला स्लाइडवरच एक पट्टी असते: लाल रक्तपेशी, सुमारे सात मायक्रॉनची. कुठल्याही रक्तवाहिनीत ती सापडते. छोट्या लिम्फोसाइटचं केंद्रक जवळपास तेवढंच, यकृताची पेशी तिच्या तीन-चार पट रुंद, केशवाहिनीतून एका वेळी एकच रक्तपेशी जाईल एवढी जागा. एखादी पेशी "मोठी" आहे असं म्हणायच्या आधी शेजारच्या रक्तपेशीशी ताडून बघा.

चित्र काढणं हा बऱ्याच जणांना वेळेचा अपव्यय वाटतो. माझं मत ठाम आहे: चित्र काढल्याशिवाय स्लाइड बघितली असं होत नाही. दोन रंगांच्या पेन्सिली पुरतात, एक गुलाबी आणि एक निळी-जांभळी. आधी चारखालचा पूर्ण आकार, लहान. त्यानंतर दहाखालचा एक पट्टा. शेवटी चाळीसखालचा थोडा भाग. एकाच चित्रात सगळं कोंबू नका. फोनचा कॅमेरा आयपीसला लावून फोटो घेणारी मुलं खूप वाढलीत; उजळणीला फोटो चांगला आहे, पण तो चित्र काढून झाल्यावर घ्या. इंटरनेटवरच्या डिजिटल स्लाइड फार सुंदर असतात, घरी जरूर बघा. मात्र परीक्षेत तुमच्यासमोर आमची साधी स्लाइड असणार, थोडी फिकी, एखादी दुमड असलेली.

तंत्रज्ञ व्हायला येणाऱ्यांसाठी थोडं. सोलापूरच्या उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर गेला की मायक्रोटोमचं काम सगळ्यात अवघड होतं. मेणाचा वितळणबिंदू ५६ ते ६० अंश असला तरी त्या उकाड्यात ब्लॉक मऊ पडतो, काप चुरगळतात, कापांची रिबन पात्याला चिकटते. सकाळी लवकर कापा, ब्लॉकचा पृष्ठभाग बर्फावर चांगला गार करा, कापताना हळू आणि एकसारखा हात. हिवाळ्यात उलट त्रास: कोरड्या हवेत स्थिर विद्युतामुळे रिबन उडून मशीनला चिकटते, तेव्हा आजूबाजूला ओलावा ठेवा. ऊती फॉर्मलिनमध्ये टाकायला उन्हाळ्यात अजिबात उशीर नको. स्वादुपिंड आणि आतड्याचं अस्तर स्वतःच्याच एन्झाइमने सगळ्यात आधी विरघळायला लागतात. ऊतीच्या आकारमानाच्या दहा ते वीस पट फॉर्मलिन हवं, आणि तुकडा पातळ हवा, कारण फॉर्मलिन आत हळूहळू जातं. रंगवताना हिमॅटॉक्सिलीननंतर नळाच्या पाण्यात स्लाइड पुरेशी ठेवा. किंचित क्षारधर्मी पाण्यात लालसर जांभळं केंद्रक निळं होतं. द्रावणं बनवायला मात्र डिस्टिल्ड पाणीच. पाणी रोज येत नाही त्या दिवसांसाठी टाकी भरलेली ठेवणं हेही इथे प्रयोगशाळेच्या कामात धरायचं.

एक गोष्ट हलकी घेऊ नका. फॉर्मलिनमधलं फॉर्मल्डिहाइड हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलंय. खिडक्या उघड्या, एक्झॉस्ट चालू, हातमोजे घातलेले, डबा लगेच बंद. झायलीन हाताळतानाही हीच काळजी. "सवय झालीय" असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

आणि प्रत्येक स्लाइडवरची ऊती कुणातरी माणसाची आहे. कुणी देहदान केलेलं, कुणाची शस्त्रक्रिया झालेली. स्लाइड फुटू देऊ नका, ती पुन्हा तशी मिळत नाही. रुग्णालयाच्या स्लाइडचा फोटो घ्यायचा असेल तर परवानगी घ्या, लेबलावरचा नंबर फोटोत येऊ देऊ नका, आणि असे फोटो स्टेटसला टाकू नका.

मराठी माध्यमातून आलेल्यांना तोंडी परीक्षेची भीती असते. मी त्यांना एवढंच करायला लावते: स्लाइड समोर ठेवून आधी मैत्रिणीला मराठीत समजावून सांगा. "मधे पोकळी आहे, आत चपट्या पेशींचे अनेक थर आहेत, त्याखाली ग्रंथी आहेत, बाहेर स्नायू आहे." हे मराठीत सुरळीत आलं की तेच वाक्य इंग्रजीत सांगायला आठवडा लागत नाही. अडचण बहुतेक वेळा भाषेची नसतेच. न बघितलेलं सांगता येत नाही, ही असते.

परीक्षेत स्लाइड ओळखता आली नाही तर नाव फेकू नका. चारवर या आणि दिसतं ते क्रमाने सांगायला लागा: पोकळ की भरीव, एपिथेलियम कुठलं, त्याखाली काय, ग्रंथी कुठल्या थरात, स्नायू रेघांचा की बिनरेघांचा. समजा तुम्ही म्हणालात, "पोकळ अवयव आहे, नॉन-केराटिनाइज्ड स्तरित स्क्वॅमस एपिथेलियम आहे, सबम्यूकोसात श्लेष्मग्रंथी आहेत, बाहेरच्या स्नायूत रेघांचे आणि बिनरेघांचे दोन्ही तंतू दिसतात." इथे तुम्ही अन्ननलिकेपर्यंत आलातच, आणि तीही मधल्या एक-तृतीयांश भागातली. नाव शेवटी आपोआप तोंडात येतं. आलं नाही, तरी सांगितलेल्या प्रत्येक मुद्द्यावर परीक्षक पुढचा प्रश्न विचारू शकतात आणि तुम्ही समोरच्या स्लाइडवर बोट ठेवून उत्तर देऊ शकता.